पार्ट आला की कळवतो

आमच्या दुकानात दर दुरुस्तीनंतर एक स्क्रू उरतो. कोणी कबूल करत नाही, पण उरतो. मशीन जोडून होतं, चालू होतं, गिऱ्हाईक ते घेऊन जातं, आणि मग टेबलावर तो एकटा स्क्रू दिसतो. युसुफभाई त्याच्याकडे बघतात, मी युसुफभाईंकडे बघते, आणि तो बिस्किटांच्या जुन्या डब्यात जातो. किस्स्यांचंही आमच्याकडे तसंच होतं. मशीन जातं, गोष्ट मागे राहते. डबा आता झाकण लागेनासा भरलाय, म्हणून आज उपडा करतेय. यातलं निम्मं आठवलं की माझं डोकं अजून तापतं, हे आधीच सांगून ठेवते.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे आबा म्हणतात. जळगावला एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका शटरचं. ड्रिल, ग्राइंडर, कटर, सुताराचं रंधा मशीन, अशी हातात धरून चालवायची विजेची यंत्रं आमच्याकडे दुरुस्त होतात. आबा यंत्र खोलून रोग ओळखतात. युसुफभाई आर्मेचर भरतात, म्हणजे मोटरमधली जळकी तार काढून नवी गुंडाळतात. मी काउंटरला बसते. नवरा चटईच्या कारखान्यात शिफ्टला असतो. आमची ओवी साडेतीन वर्षांची, तिची बालवाडी साडेअकराला सुटते, म्हणून त्यानंतर तीही दुकानात.

माझं माहेर धुळ्याचं आणि शिक्षण बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स. लग्न ठरताना आबांना या डिग्रीचं फार कौतुक वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक जळकं ड्रिल ठेवलं आणि म्हणाले, "बघ बरं, बेटा."

मी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"खोलून बघायचं असतं," आबा म्हणाले.

तर असं आमचं शिक्षण.

*

सुरुवातीला एक छोटा किस्सा सांगते.

एक कंत्राटदार आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात ड्रिल. "मिस्त्री कुठेत?"

"जेवायला गेलेत. काय होतंय मशीनला?"

"मिस्त्री येऊ द्या."

मी तरीही ड्रिल घेतलं, बटण दाबलं. आत निळ्या ठिणग्या, करपट वास, मध्येच बंद. "मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजून संपलेत. दहा मिनिटांत बदलून देते."

"नको नको. मिस्त्री येऊ द्या."

तो बाकावर तासभर बसला. ओवीने तिच्या प्लास्टिकच्या कपातून त्याला चार वेळा खोटा चहा दिला, तो त्याने चारही वेळा फुंकर मारून घेतला. माझं खरं निदान मात्र घेतलं नाही. आणि खरं सांगते, त्या तासाभरात मलाही वाटायला लागलं की बहुतेक आर्मेचरच गेलं असेल, आपल्याला काय कळतंय.

आबा आले. ड्रिल बघून त्यांनी मलाच विचारलं, "काय झालंय, बेटा?"

"कार्बन."

"कार्बन," आबांनी कंत्राटदाराला सांगितलं.

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा ताई, म्हणून म्हणत होतो. अनुभवी माणूस लागतो."

कार्बन मीच बदलले. तो तोवर रस्त्याकडे बघत होता.

*

आबांमध्ये एकच दोष आहे. त्यांना 'होणार नाही' म्हणता येत नाही. पार्ट बाजारातून गेलेला असो, कंपनी बंद पडलेली असो, आबा गिऱ्हाइकाला एकच वाक्य सांगतात: "पार्ट आला की कळवतो."

त्यामुळे आमच्या माळ्यावर एक आख्खी फळी अशा मशीनची आहे. प्रत्येकाला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर नाव, गाव, रोग. काही माझ्या लग्नाच्या आधीपासूनची. एकदा घाईच्या दिवशी मी तिथल्या एका ड्रिलचा एकच स्क्रू मागितला, फक्त एक.

"ते आपलं नाही," आबा म्हणाले. "गिऱ्हाइकाची वस्तू आहे. दुरुस्तीला दिलेली."

"आबा, ते गिऱ्हाईक आता कुठे येतंय?"

"येईल की. मी कळवल्यावर."

मी मुकाट्याने बिस्किटाच्या डब्यातून स्क्रू शोधला.

*

होळीनंतरच्या आठवड्यात सखुअक्का आल्या.

अक्का एरंडोलच्या अलीकडे हायवेच्या कडेला, निंबाखाली बसतात. पाटे, वरवंटे, खलबत्ते विकतात. दगड आधी ग्राइंडरने कापायचा, मग छिन्नीने टाकी लावून खडबडीत करायचा, असं ते काम. त्यांनी उशीच्या अभ्र्यातून ग्राइंडर बाहेर काढला. कधीकाळी हिरवा असावा. बाजूच्या दांडीच्या जागी बाभळीच्या लाकडाची मूठ होती, त्यांच्या नवऱ्याने कोरून बसवलेली. नवरा आता नाही.

"भाऊ, मोटर फिरस, पन चकती फिरत नही."

आबांनी डोकं खोललं. गिअरचे दात साफ झिजले होते, काही जागी नुसत्या खुणा.

"अक्का, नवीनच घ्या ना," मी म्हणाले. शिकलेल्या माणसाला हा सल्ला सगळ्यात आधी सुचतो.

काउंटरवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नवं मशीन होतं, अक्कांनी ते उचललं आणि माझ्यापुढे धरलं. तेव्हा मला दिसलं की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा वळतच नाही. कधीतरी हातोडी बसलेली. नव्या मशीनचं अंग जाड, ते त्यांच्या मुठीत मावेना. आणि त्याचं बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की बंद. जुन्याचं बटण एकदा पुढे सरकवलं की झालं.

त्यांनी नवं मशीन खाली ठेवलं. "मना हात हाई मशीनलेच वळखस, माय."

माझा सल्ला संपला.

त्यांचा दगड विकला जातो तो आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. पुढे पाऊस, मग रस्त्याकडेला बसायची सोय नाही. या दोन महिन्यांवर अक्कांचं सगळं वर्ष उभं असतं. हे मला त्या दिवशी कळलं, आबांना आधीच माहीत होतं. तरी आबा काय म्हणाले?

"पार्ट आला की कळवतो."

"कव्हय येई?" अक्कांनी विचारलं.

आबा मशीनच्या आत बघत राहिले.

*

मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. कंपनी कोणती ते सांगत नाही, वाट बघायला लावणारी ट्यून सगळ्यांची सारखीच असते. ओवी त्या ट्यूनवर नाचली, थकली, झोपली. मग माणूस आला.

"मॅडम, मॉडेल नंबर सांगा."

मशीनवरची नंबराची पट्टी घासून गेली होती. मी भिंग लावून, पेन्सिलीने घासून, शाळेत नाण्यांचे ठसे काढायचो तसा नंबर काढून ठेवला होता. सांगितला.

"मॅडम, हे मॉडेल अस्तित्वात नाही."

"माझ्या हातात आहे."

"सिस्टिममध्ये नाही, मॅडम."

"त्याच्या पोटावर तुमच्या कंपनीचं नाव आहे. ठळक अक्षरात."

"सिस्टिममध्ये नसेल तर ते आमचं प्रॉडक्ट धरता येत नाही, मॅडम. अजून काही मदत करू का?"

अजून! त्यानंतर एक बाईचा आवाज आला, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्या. मी एक दाबला. आवाज म्हणाला, धन्यवाद, आम्ही अशीच सेवा देत राहू.

मी तणतणत आबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "अस्तित्वात नाही म्हणाले?" मशीन उलटसुलट करून बघितलं. "मग इतकी वर्षं पाटे कोण कापत होतं?"

*

युसुफभाईंच्या ओळखीचा एक टर्नर आहे, असोद्याचा. "गिअर ना? लेथवर करून देतो, त्यात काय," म्हणाला. 'त्यात काय' म्हणणाऱ्या माणसावर मी एकदम विश्वास ठेवते, कारण मला स्वतःला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं.

गिअर आला. बसला. युसुफभाईंनी बटण सरकवलं आणि मशीन जे किंचाळलं! ओवीने कान झाकले. समोरच्या रंगवाल्याने शटर अर्धं ओढून घेतलं. आबा म्हणाले, "घासून घासून बसेल जागेवर."

अक्का खूश होऊन घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी परत. अर्धा पाटा कापून झाला होता. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि काउंटरवर गिअरचे दात ओतले, मूठभर.

"भाऊ," त्या आबांना म्हणाल्या, "याना दात दुधना व्हतात."

*

मशीन पुन्हा टेबलावर उघडं पडलं. त्यात एक चावी असते. गिअर दांड्यावर निसटू नये म्हणून बसवतात तो अर्धचंद्रासारखा, नखाएवढा तुकडा. ती बशीत ठेवली होती. मी दोन मिनिटं फोनवर बोलले. वळून बघते तर बशी रिकामी आणि ओवीचं तोंड हलतंय.

मी तोंडात बोट घातलं. शेंगदाणा निघाला. पण शेंगदाण्याच्या आधी काय गेलं?

"ओवी, चावी खाल्लीस?"

"हो."

"खरंच खाल्लीस?"

"हो."

"की नाही खाल्लीस?"

"नाही."

आबांनी भरदुपारी शटर ओढलं. असं त्यांनी पूर्वी कधी केल्याचं युसुफभाईंनाही आठवत नाही. रिक्षा, दवाखाना, एक्स-रे. तिथली सिस्टर ओवीला टेबलावर झोपवताना मला म्हणाली, "लेकराला असल्या ठिकाणी नेताच कशाला?"

बाई, साडेअकरानंतर कुठे नेऊ, ते तुम्हीच सांगा, हे उत्तर मला घरी आल्यावर पोळ्या लाटताना सुचलं. आता ते रोज सुचतं. पण त्या क्षणी मला तिचंच खरं वाटलं. असल्या ठिकाणी नेणारी आई मीच.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "पोट स्वच्छ आहे. काही नाही."

मी तिथेच रडायला लागले. आबांचेही डोळे भरले. त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला, त्याबरोबर त्यांचं लोहचुंबक बाहेर आलं. जमिनीवरचे स्क्रू वेचायला ते नेहमी खिशात ठेवतात.

चुंबकाला चावी चिकटलेली होती.

डॉक्टरांनी चावीकडे बघितलं, आबांकडे बघितलं. "आजोबांचाही एक काढून टाकू का?"

*

आता जो किस्सा सांगते तो आठवला की मला अजून पाणी प्यावं लागतं.

चुलत बहिणीचा साखरपुडा होता म्हणून धुळ्याला गेले होते. बाजारात एका दुकानासमोर मांडव आणि फलक: जुने मशीन द्या, नवे न्या. मांडवात जुन्या मशीनचा ढीग, आणि ढिगात हिरवा ग्राइंडर. तोच! सिस्टिममध्ये नसलेला, अस्तित्वात नसलेला.

मी भरजरी साडीत, कडेवर ओवी, तशीच आत घुसले.

तिथे कंपनीचा एक माणूस हातोडी घेऊन बसला होता. ढिगातून एक मशीन घ्यायचं, ओंडक्यावर ठेवायचं, टाळकं फोडायचं, कागदावर खूण करायची, पोत्यात टाकायचं. पुढचं घ्यायचं.

"हे काय करताय?"

"जुनं मशीन परत वापरात येऊ नये म्हणून, मॅडम."

"का येऊ नये?"

"सेफ्टी, मॅडम."

मी त्याला सगळं सांगितलं. अक्का, अंगठा, आखाजी, दुधाचे दात. म्हणाले, मशीन नको, तुम्ही फोडाच, फक्त त्याआधी आतला गिअर काढून घेऊ द्या. माझ्या पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर होता. साखरपुड्याला जाताना पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर कोण ठेवतं, असं माझी आई नंतर म्हणाली. पण होता.

"पॉलिसी नाही, मॅडम. चालू पार्ट बाहेर देता येत नाही."

"अहो, एका बाईचं वर्षाचं पोट आहे त्याच्यावर."

त्याने विचार केला. खरंच केला, मला त्याच्या चेहऱ्यावर दिसला. मग त्याने हिरवा ग्राइंडर उचलला, ओंडक्यावर ठेवला आणि हातोडी घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. गिअरचे दोन तुकडे होऊन एक माझ्या चपलेपाशी आला.

तो वाकला, दोन्ही तुकडे उचलून अदबीने माझ्या हातावर ठेवले.

"आता नेऊ शकता, मॅडम. आता तो भंगारात धरला जातो."

*

ते तुकडे मी आबांपुढे टाकले आणि जेवढं बोलता येईल तेवढं बोलले. कंपनीला, हातोडीला, पॉलिसीला. आबा दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून बघत राहिले. युसुफभाई माळ्याकडे बघत होते. युसुफभाईंना तोंड मिटता येतं, डोळे नाही.

मी स्टूल घेतलं. मागच्या रांगेत, धुळीखाली, हिरवा ग्राइंडर. सुतळी, पुठ्ठा, आबांचं अक्षर: 'वामन, पहूर. आर्मेचर जळाले. पार्ट आला की कळवणे.' खाली तारीख होती. बारा वर्षांपूर्वीची. मी उभ्या उभ्याच डोकं खोललं. गिअर काल बसवल्यासारखा.

"आबा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"अक्का आल्या त्या दिवसापासून."

सासऱ्यांपुढे मी आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा. "महिना झाला, आबा! हेल्पलाइन काय, टर्नर काय, एक्स-रे काय."

"एक्स-रेचा याच्याशी संबंध नाही," आबा म्हणाले.

"बारा वर्षं तो माणूस आलेला नाही. आता येणार आहे का?"

"कसा येईल? मी कळवलंच नाही."

"का नाही कळवलं?"

"पार्ट कुठे आलाय?"

इलेक्ट्रॉनिक्सच्या तीन वर्षांत हा धडा नव्हता. मी युसुफभाईंकडे बघितलं. "आर्मेचर भरता नाही आलं?"

"तांब्याच्या पट्ट्याच उडाल्यात, बेटा. भरून फायदा नाही. नवंच लागतं, आणि नवं मिळत नाही." मग हळूच म्हणाले, "मी तेव्हाच बोललो होतो, एक पोस्टकार्ड टाका."

"मी विचारून येते त्यांना," मी म्हणाले.

आबांचा चेहरा एकदम सुटला. "विचारलंस तर मग प्रश्नच नाही. जा."

म्हणजे महिनाभर हे कोणीतरी म्हणायची वाट बघत होते.

*

पहूरच्या स्टँडवर उतरून मी वामन विचारले तर तीन निघाले. ग्रिल आणि गेट करणारे वामननाना तिसरे. पत्र्याच्या शेडपुढे खाटेवर बसले होते. मी म्हणाले, जळगावच्या आबांच्या दुकानातून आलेय. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठून चपला शोधायला लागले.

"आला का?"

"काय?"

"पार्ट."

असं लाजल्यासारखं मला दहावीच्या निकालालाही झालं नव्हतं. "नाही, नाना."

ते पुन्हा बसले. भिंतीवरच्या तारेतून त्यांनी एक चिठ्ठी काढली. आमच्या दुकानाची, पिवळी पडलेली. "कळवतो म्हने आबा. म्या वाट पाह्यली."

"बारा वर्षं? एकदा यायचं तरी."

"त्याईनं कळवलं नाही, तं मी कशाले येऊ?"

मग मी अक्कांचं सगळं सांगितलं. धुळ्यापेक्षा चांगलं सांगितलं, सराव झाला होता. नानांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माह्य मशीन दुरुस्तीले देलंय, पोरी. मोडाले नाही देलं."

हे वाक्य मी घरी ऐकूनच निघाले होते. दोन म्हातारे, चाळीसेक किलोमीटरांत मिळून एकच डोकं! माझा तोल गेला. "नाना, तुमचं मशीन चालू होणार नाही. तो पार्ट आता जगात कुठेच नाही."

नानांच्या घरच्या काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या, मी काही अशुभ बोलल्यासारखं माझ्याकडे बघत.

"असं आबा म्हनले?" नानांनी विचारलं.

"नाही. मी म्हणतेय."

"मंग तुले कसं माहीत?"

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडले. शेवटी स्वतःशी. नाही म्हणायचा त्यांना हक्कच होता, आणि मी त्यांच्या दारात जाऊन त्यांची बारा वर्षं मोडून आले होते. ओवी मांडीवर झोपली होती, हातात प्लास्टिकचा कप घट्ट धरून. काकूंनी त्यातून खोटा चहा पिऊन दाखवला होता.

*

आखाजी दहा दिवसांवर आली तेव्हा अक्का दुकानात आल्या. मनगटाला फडकं बांधलेलं. इतके दिवस सगळा दगड नुसत्या छिन्नीने कापत होत्या.

"भाऊ, मशीन ऱ्हाऊ द्या. तेवढी मूठ काढी द्या."

बाभळीची मूठ. नवऱ्याने कोरलेली.

आबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले, पण त्यांचा हात काही चालेना. एक स्क्रू अर्धा सोडायचे, परत आवळायचे. युसुफभाई उठून बाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "आबा, कोणीतरी आलंय."

वामननाना होते. धुतलेलं धोतर, टोपी, हातात ती पिवळी चिठ्ठी. "माह्य मशीन पाहाले आलो."

मी स्टूलवर चढून त्यांचं मशीन काढून दिलं. त्यांनी टोपी काढली आणि तिने मशीनची धूळ पुसली, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. मग त्यांची नजर टेबलावर गेली. आबांच्या हातातल्या हिरव्या मशीनवर, अर्ध्या सुटलेल्या मुठीवर, शेजारी बसलेल्या अक्कांच्या मनगटावर.

"ही मूठ कोनं कोरली?"

"मना मालकनी," अक्का म्हणाल्या.

नानांनी मूठ हातात धरून बघितली. अंगठ्याच्या जागी लाकूड खोलगट कोरलेलं होतं, न वळणारा अंगठा टेकेल असं. त्यांनी आपला अंगठा तिथे ठेवला, उचलला. लोखंडाचं काम जन्मभर केलेला माणूस. बाकावर बसले. ओवीने चहा दिला, तो प्यायले.

मग आपलं मशीन त्यांनी टेबलावरून आबांकडे सरकवलं. "काढा गिअर."

"वामनराव, पुन्हा एकदा विचार—"

"काढा म्हनलं ना."

आबांनी गिअर काढला. युसुफभाईंनी अक्कांच्या मशीनमध्ये बसवला. चावी बसवायच्या आधी तिघांनी ओवीचं तोंड उघडून बघितलं. मूठ आवळली. अक्कांनी बटण सरकवलं, आणि चकती फिरली. किंचाळणं नाही, काही नाही. नुसती एकसारखी घुमणारी जुनी घरघर. अक्का पायरीपाशी गेल्या, बरोबर आणलेल्या दगडावर एक सरळ रेघ कापली. पांढरी भुकटी उडाली. मी ओढणीने ओवीचं तोंड झाकलं, आणि थोडं माझंही.

अक्कांनी मशीन अभ्र्यात घातलं. नानांपुढे उभ्या राहिल्या. "वहिनीसाठे पाटा लई येसू."

"आमच्याकडे मिक्सर हाये," नाना म्हणाले.

"तरी लई येसू," अक्का म्हणाल्या, म्हणजे आणणारच, आणि गेल्या.

टेबलावर नानांचं मशीन उरलं. आर्मेचर जळालेलं, वर आता डोकंही रिकामं. नानांनी पिवळी चिठ्ठी उलगडून आबांसमोर ठेवली.

"अन् माह्य मशीन?"

मी आबांकडे बघितलं. माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं.

आबांनी मशीनची पुठ्ठ्याची चिठ्ठी सोडली. 'आर्मेचर जळाले'च्या खाली बॉलपेनने लिहिलं, 'गिअर नाही'. नवी सुतळी घेतली, दोन गाठी मारल्या. मग चष्मा काढून नानांकडे बघत म्हणाले, "पार्ट आला की कळवतो."

"बरं," नाना म्हणाले. चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि मला पहूरच्या गाडीची वेळ विचारली.